लाडानं गेलेली झाडं

डिसेंबर उजाडला की धुळ्याच्या देवपुरात आणि जळगावच्या कॉलन्यांमधून एक हातगाडी फिरू लागते. गाडीवर गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती असा नेहमीचा परिवार असतो आणि अलीकडे त्यांच्या मधोमध एखादं सफरचंदही उभं असतं. "ताई, हे उष्णतेत येणारं आहे. दोन वर्षांत फळ, नाही आलं तर पैसे परत," असं गाडीवाला छातीठोकपणे सांगतो. पैसे परत घ्यायला त्याला दोन वर्षांनी शोधायचं कुठे, हा प्रश्न ताईंना त्या क्षणी पडत नाही.

गाडीवाल्याचं सगळंच खोटं नसतं. हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीतही फळ धरणारी 'एचआरएमएन-९९' ही सफरचंदाची जात खरोखरच तयार केली आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फक्त 'कमी थंडी' आणि 'मे महिन्यातली भुसावळची दुपार' यांच्यामध्ये बरंच अंतर आहे, ते गाडीवाला मोजत नाही. गंमत अशी, की पद्मश्रीच्या त्याच यादीत धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांचंही नाव होतं. उजाड झालेलं रान पुन्हा उभं कसं करायचं, हे त्यांनी साक्री तालुक्यात करून दाखवलं आहे. एका पद्मश्रीचं झाड दोनशे रुपयांत दारात मिळतं, म्हणून ते हातोहात खपतं. दुसऱ्या पद्मश्रीचा धडा फुकट असला तरी पिशवीत घालून आणता येत नाही, त्यामुळे तो कॉलनीपर्यंत पोचत नाही.

फेब्रुवारीपर्यंत सफरचंदाला कोवळी पालवी असते आणि घरच्यांना काश्मीरची स्वप्नं. मार्चमध्ये पानांच्या कडा करपतात, एप्रिलमध्ये फांद्या खडखडू लागतात आणि मेच्या मध्यावर कुंडीत एक काडी उरते. काडीला बांधलेल्या चिठ्ठीवरचं लालबुंद सफरचंद तेवढं टवटवीत असतं. मग पंचनामा होतो. "ऊन लागलं," असा निकाल जळगावात लागतो. धुळ्याकडे तो "मरी गयं ना भो" एवढ्यात आटोपतो. आरोपी ठरलेला, सूर्य. तो घटनास्थळी हजर असतोच, शिवाय ४५ अंशांच्या पुढे जाण्याचं त्याचं रेकॉर्डही खराब आहे. त्यामुळे दुसऱ्या कुणाची चौकशी होत नाही. झाली असती तर लक्षात आलं असतं, की खानदेशातल्या कुंड्यांमधली बरीचशी झाडं उन्हानं मरतच नाहीत. ती बुडून मरतात.

पण बुडण्याआधी तहानेची गोष्ट, आणि तिची सुरुवात मातीपासून होते. कॉलनीतल्या कुंडीत माती कुठली, तर प्लॉटवरची किंवा भावाच्या शेतातली. म्हणजे काळी. कपाशीला, हरभऱ्याला, केळीला ती आईच्या मायेनं सांभाळते. कुंडीत मात्र तिचा स्वभाव बदलतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात, की आत पडलेलं खुरपं पुढच्या पावसाळ्यातच सापडावं. कुंडीत एवढी ऐसपैस भेग पडायला जागा नसते, म्हणून माती चारी बाजूंनी कडा सोडते. मातीचा गड्डा आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट पडते. घरचे अप्पा वरून तांब्याभर पाणी ओततात. ते पाणी मुळांची विचारपूसही न करता त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि बुडाच्या भोकातून बाहेर पडतं. खाली ओघळ दिसला, की "भिजली" म्हणून अप्पा पुढच्या कुंडीकडे वळतात. आत मुळांपाशी ठणठणीत कोरडं.

अशी कुंडी पाणी भरलेल्या घमेल्यात तासभर बसवून ठेवली, की खालून वर हळूहळू भिजते. बुडबुडे थांबले की पोट भरलं असं समजावं. पुढच्या वेळी भरताना एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड रेती किंवा बारीक मुरूम आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत घ्यावं. 'चांगलं कुजलेलं' म्हणजे ज्याला वास येत नाही ते. गोठ्यातून काल आणलेलं शेण घातलं, तर त्याच्या उष्णतेनं मुळं भाजतात आणि हुमणी बोनस म्हणून येते. गाडीवरची रोपं तर अनेकदा मुळांभोवती घट्ट चिकणमातीचा गोळा घेऊनच आलेली असतात. तो गोळा बादलीत भिजवून, बोटांनी हलकेच मोकळा करून मग लावायचा असतो. लोक तो तसाच्या तसा पुरतात. मग सभोवतीची माती ओली राहते आणि गोळा आतून कोरडा.

आता उलट बाजू. जळगावला पाणी वाघूर धरणातून येतं; धुळ्याला तापी, नकाणे आणि डेडरगाव यांच्या भरवशावर राहावं लागतं. कुठूनही आलं तरी ते रोज येत नाही. त्यामुळे सोमवार-मंगळवारच्या जोडीनं इथल्या घरांत 'नळाचा दिवस' नावाचा आणखी एक वार असतो. पहाटेच्या अंधारात गल्लीच्या या टोकाहून हाक जाते, "नळ उना का?" त्या टोकाहून उत्तर येतं, "उना, उना!" आणि घराघरात लगीनघाई सुरू होते. आधी पिण्याचं, मग ड्रम, मग टाकी, मग अंगण, मग मोटरसायकल. एवढं होऊनही नळ सुरूच राहिला, तर झाडांची आठवण येते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याला एकदम गहिवरून येतं. "बिचारी चार दिवसांची तहानलेली आहेत," असं म्हणत तो प्रत्येक कुंडी काठोकाठ भरतो आणि पुढच्या चार दिवसांचंही आत्ताच पाजून ठेवतो, जणू मोगरा म्हणजे उंटच. काळी माती हे पाणी सोडत नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं माना टाकतात. माना टाकलेल्या बघून पुन्हा पाणी.

झाडाला पाणी हवं आहे का, हे कळायला एक बोट पुरतं. तर्जनी दोन पेरं मातीत खुपसायची. ओलं लागलं तर तांब्या आल्या पावली परत न्यायचा. ही तपासणी फुकट असल्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ओलावा दाखवणारा काट्याचा यंत्र-दांडा ऑनलाइन मागवला, की मात्र शेजारपाजारचे बघायला येतात.

हे सगळं घडतं कुठे, तर देशाला थेंब मोजायला शिकवणाऱ्या गावात. भवरलाल जैन यांच्या १९८६ साली स्थापन झालेल्या जैन इरिगेशननं ठिबकच्या नळ्या जळगावातून जगभर पाठवल्या. शिरसोली रस्त्यावरची उजाड टेकडी हिरवी करून तिचं जैन हिल्स केलं. रावेर-यावलकडच्या कुठल्याही केळीवाल्याला मध्यरात्री उठवून विचारा. कुठल्या महिन्यात खोडाला किती पाणी, कुठल्या दिवशी कुठलं विद्राव्य खत, लॅटरल कधी धुवायची, सगळं तो डोळे न उघडता सांगेल. हाच गृहस्थ शहरातल्या बंगल्याच्या गच्चीवर येतो, तेव्हा त्याच्या हातात हिरवी नळी असते आणि नळीच्या तोंडावर अंगठा. खानदेशी माणसाची शेतीतली अक्कल जिन्याखाली चपलांपाशीच राहते. गच्चीवर पोचतो तो निव्वळ हौशी गृहस्थ. वीस कुंड्यांना ठिबक करायला लागतं तरी काय? कठड्यावर ठेवलेला एक ड्रम, एक चाळणी, बारीक नळी आणि वीस ड्रिपर. ड्रम नळाच्या दिवशी भरायचा आणि थेंब रोज पडू द्यायचे. पण "घरी कशाला ते शेतासारखं" हे उत्तर तयार असतं.

धुळ्याकडची शिस्त तर याहून जुनी. पांझरा नदीवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट आणि पाटाखाली गावानं पाडलेले फड. यंदा कुठल्या फडात ऊस आणि कुठल्यात भुसार, हे एकट्यानं ठरवायचं नाही. पाणी सोडणारा पाटकरीही गावानंच नेमलेला. शेताच्या मालकानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही. जमिनीच्या मालकाला पाण्यापासून लांब ठेवण्यातलं शहाणपण त्या लोकांना केव्हाच कळलं होतं. आज एखाद्या पाटकऱ्याचा पणतू देवपुरात मनी प्लँटला बादलीनं पाणी घालतो आणि त्याला अडवणारं घरात कुणी नसतं.

पाणी किती हा एक प्रश्न झाला, कसलं हा दुसरा. बोअरच्या पाण्यावर वाढलेली बाग ओळखायला पान बघावं लागत नाही, कुंडी बघितली तरी पुरे. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी पुटं चढलेली असतात. ते क्षार. पानांची टोकं जळतात तीही त्यांनीच. अशा घरात बहुधा आरओचं यंत्रही असतं आणि त्याची बाहेर जाणारी नळी पुण्यकर्म म्हणून तुळशीकडे वळवलेली असते. यंत्रानं माणसाच्या पेल्यातून काढलेले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात साठलेले असतात; ते सकाळ-संध्याकाळ तुळशीला पाजायचे आणि वर उदबत्ती लावायची. कूलरचंही तेच. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात. आठवड्यानं टाकी उपसली की तो अर्क जास्वंदीच्या वाट्याला. त्याच घराचा एसी मात्र हवेतल्या बाष्पाचं जवळजवळ बिनक्षाराचं, झाडांना गोड लागणारं पाणी दिवसभर बाहेर टाकत असतो. त्याची नळी शेजाऱ्याच्या पायरीवर सोडलेली असते आणि त्यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद असतं. बागेचा आणि शेजारधर्माचा, दोन्ही प्रश्न एका बादलीनं सुटतील, पण पुढाकार कुणी घ्यायचा?

मग येतो पिवळेपणा. लिंबू, मोगरा, जास्वंद यांची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरातल्या वहिनी मोबाइलवर इलाज शोधतात. तिकडे केरळातली एखादी प्रसन्न बाई अंड्याची टरफलं कुटून घालताना आणि मातीला चुना देताना दिसते. तिचं बरोबर असतं, कारण तिच्याकडची माती आम्लधर्मी. खानदेशच्या मातीला मात्र निसर्गानं आधीच चुना लावून ठेवला आहे. चुनखडीच्या अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी. त्यात आणखी टरफलं म्हणजे फिर्यादीलाच दंड. काही घरांत आजोबा गंजके खिळे आणून कुंडीत पुरतात. लोह कमी आहे ना, मग घ्या लोखंड! खिळ्याचा गंज या मातीत विरघळत नाही, झाडाला काही मिळत नाही. कुंडी बदलताना नव्या पिढीच्या बोटाला मात्र खिळा नक्की मिळतो. अशा वेळी हिराकस लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून, वर चार थेंब लिंबू पिळून, उन्हं कलल्यावर पानांवर फवारली की शेंडा हिरवा होऊ लागतो. हिराकस खताच्या दुकानात स्वस्तात मिळते. स्वस्त असल्याचं दुकानदार आपणहून सांगत नाही, एवढंच.

दुकानदाराला दोष तरी कसा द्यावा? खानदेशी बागवाल्याची खरेदी बघितली तर त्याला कुणीही काहीही विकावं. दारातला कडुनिंब पानं गाळतो. ती सकाळी झाडून गोळा करायची, कोपऱ्यात काडी लावायची, धूर शेजारी जाऊ द्यायचा आणि दुपारी बाजारातून कोकोपीटची वीट आणायची. म्हणजे दक्षिणेकडच्या नारळाचा भुसा पैसे मोजून आणायचा आणि दारातला पाला जाळायचा. जळगाव हे डाळमिलचं गाव, जिल्हा केळीचा आणि कपाशीचा. टरफलं, केळीची वाळलेली पानं, चिरलेली खोडं, पऱ्हाट्यांचा चुरा यांचे ढीग गावाबाहेर पडलेले असतात. कुंडीतल्या उघड्या मातीवर यातलं काहीही चार बोटं पसरलं, तर एप्रिल-मेमध्ये ओल कितीतरी जास्त टिकते. "वाळवी लागेल ना हो," अशी शंका निघते. खोडापासून थोडं लांब ठेवलं आणि माती पार कोरडी पडू दिली नाही, तर वाळवीला तिथे फारसं काम उरत नाही.

कडुनिंबाची कहाणी इथेच संपत नाही. जून-जुलैमध्ये त्याच झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. तोही खराट्याच्या स्वाधीन. ऑगस्टमध्ये जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसू लागतो. घरात त्यावर 'बुरशी' असा शिक्का बसतो आणि हळद टाकली जाते. ती बुरशी नसते, पिठ्या ढेकूण असतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोडव्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, इतक्या मनापासून की कॉलनीच्या वॉचमननं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. शेंड्यावर जोरात पाण्याचा फवारा मारायचा, फार बरबटलेली फांदी छाटून टाकायची, मुंग्यांची वाट तोडायची आणि निंबोळी अर्क फवारायचा. वाळलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवल्या, सकाळी गाळून त्यात थोडा साबण घातला की झाला पाच टक्क्यांचा अर्क. कपाशीवर तो सारं शिवार फवारतं. कॉलनीत मात्र तळहाताएवढी 'नीम ऑइल'ची बाटली कुरिअरनं येते आणि ज्या कडुनिंबाखाली ती स्वीकारली जाते, त्याच्याकडे वर कुणी बघत नाही.

एक गोष्ट मात्र खानदेशाकडे अशी आहे, की बाहेरच्यांनी हेवा करावा. आखाजी. अक्षय्य तृतीयेला घरोघरी पितरांच्या नावानं मातीची घागर पूजली जाते. सण संपतो आणि घागर गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन बसते. नेमका तोच उन्हाचा कळस. ही कच्च्या पोटाची, पाझरणारी घागर झाडाच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरली, पाण्यानं भरली आणि वर झाकण ठेवलं, की आतलं पाणी मातीला लागेल तसं बाहेर झिरपतं. माती ओली असेल तेव्हा आपोआप थांबतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही रीत सांगितलेली आहे. लिंबू, कढीपत्ता, शेवगा, आळ्यातली भरताची वांगी, सगळ्यांना ती मानवते. पितरांनाही नातवाच्या लिंबाला पाणी पाजण्याचं समाधान मिळेल. पण घागर पुरायची म्हटलं की आजी विचारते, "देवाची घागर जमिनीत?" आणि प्रकरण पुढच्या आखाजीवर जातं.

सावलीचा प्रश्न जळगावनं स्वतःच्या पद्धतीनं सोडवला आहे. प्लास्टिकच्या चटया बनवणारं हे गाव. त्यामुळे गच्चीच्या पश्चिमेला फुलाफुलांची जुनी चटई ताणून बांधलेली दिसते. रंगसंगतीबद्दल न बोललेलं बरं, पण दुपारी दोननंतरचं ऊन ती अडवते. शेडनेट अधिक चांगलं, कारण त्यातून वारा खेळतो. कुंड्या तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवल्या, तर मुळांचे हाल कमी होतात. ज्याला यात शंका असेल त्यानं मे महिन्यात दुपारी तीनला त्या स्लॅबवर अनवाणी उभं राहून बघावं. त्याच वेळी नळीतलं पहिलं पाणीही हातावर घेऊन बघावं. चहा टाकायचाच काय तो बाकी असतो. असं पाणी झाडाला घालून "दुपारी पाणी घातलं तरी सुकलं" ही तक्रार दरसाल ऐकू येते.

आणि झाडं निवडायचीच असतील तर खानदेशात उपाशी राहून हसणारी झाडं काय कमी आहेत? कण्हेर, सदाफुली, तगर, मधुमालती, कोरफड. मेहरूणच्या बोरांनी तर नाव काढलंय. बोगनवेल हा या सगळ्यांचा नाना: जास्त पाणी दिलं की नुसती पानं, जरा दुर्लक्ष केलं की फुलांचा कहर. आळशी माणसाच्या दारातली बोगनवेल कॉलनीत सर्वांत देखणी असते आणि तो "काही करत नाही हो मी" असं म्हणतो, तेव्हा लोक त्याला विनयशील समजतात.

घराच्या भिंतीपलीकडे वेगळंच राज्य असतं. कॉलनी म्हणजे चार बंगले आणि सहा रिकामे प्लॉट. प्लॉटचा मालक पुण्यात, सुरतेत किंवा त्याहून लांब. प्लॉट गुंतवणूक म्हणून घेतलेला. त्यावर व्याज खाऊन वाढतं ते गाजरगवत. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदल्या गेलेल्या या अमेरिकेकडच्या गवताचं आता सातबाऱ्यावर नाव लागायचंच बाकी आहे. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्यांना कंपाउंडची भिंत मान्य नसते. फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणं हाच खात्रीचा मार्ग. लोक ते फुलल्यावर विळ्यानं कापतात, म्हणजे बिया झटकल्या जातात आणि बुडखा पुन्हा फुटतो. त्याचा पाला खाणारे मेक्सिकोतले भुंगे १९८४ साली बंगळुरूकडे आणून सोडले गेले आणि पुढे देशभर पसरले. ते पावसाळ्यात मन लावून काम करतात आणि उरलेला काळ जमिनीत झोप काढतात. सरकारी योजनेतून आल्याचा परिणाम असावा.

लव्हाळ्याशी मात्र कुणी कुस्ती खेळू नये. वरचं पातं उपटलं की खालच्या गाठी आणखी कोंब काढतात. हा एकच सामना असा, की ज्यात मे महिना माळ्याच्या बाजूनं असतो. वाफा खोल खणून गाठी वर काढाव्यात आणि उन्हात वाळू द्याव्यात. तणांच्या बियांसाठी ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून महिना-दीड महिना मातीच तापवायची; इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी १९७६ साली ही रीत जगापुढे मांडली. ४५ अंश फुकट मिळत असलेल्या प्रदेशानं तिचा फायदा घेऊ नये, हे जरा अतीच झालं. दरम्यान घोळ, चिवळ, तांदुळजा हेही 'तण' म्हणून त्याच टोपलीत जातात. सकाळी कुंडीतली घोळ उपटून कचरागाडीत टाकायची आणि संध्याकाळी बाजारात घोळीच्या जुडीसाठी घासाघीस करायची. बारीपाड्यात दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते; कॉलनीतल्या टोपल्या तिकडे पाठवल्या तर एखादं बक्षीस सहज मिळेल.

राहता राहिली ओपन स्पेस. कागदावर ती उद्यान असते. प्रत्यक्षात गंजलेली घसरगुंडी, दात्याचं नाव टिकून असलेला पण पाठ गेलेला बाक, व्यायामाचं एक करकरणारं यंत्र आणि झाडांच्या बुंध्याला गळपट्टा बांधल्यागत पेव्हर ब्लॉक. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीला बजावलं होतं. दिल्ली लांब आहे. जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान दाखवतं, की रोज कुणीतरी लक्ष घालणारं असलं तर याच मातीत, याच उन्हात बाग नांदते.

बाकी ठिकाणी सगळा जोर लावण्यावर. राज्यानं १ जुलै २०१६ला एका दिवसात २ कोटी झाडांचा संकल्प सोडला, २०१९पर्यंत आकडा ३३ कोटींवर गेला. कॉलनीही मागे राहिली नाही. दर पावसाळ्यात पांढरे कपडे, नवी टिकाव-फावडी, फोटो. आठवड्यानं शेळ्या. बारीपाड्यानं हा क्रम उलटा केला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गावानं आधी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, मोडेल त्याला दंड लावला, राखण बसवली. तोडलेल्या खोडांना फुटलेले धुमारे जगू दिले. सुमारे ४०० हेक्टर जंगल उभं राहिलं. एवढ्या रानातून शेळी लांब ठेवता आली, तर दहा गुंठ्यांच्या ओपन स्पेसमधून ती का ठेवता येऊ नये? कॉलनीच्या बैठकीत हा मुद्दा निघतोही. फाटक दुरुस्तीचा खर्च कळला की पुढचा विषय घेतला जातो.

तरी प्रत्येक ओपन स्पेसमध्ये एक झाड जगलेलं असतंच. बहुधा कडुनिंब, क्वचित बोर. ते कुणी लावलेलं नसतं. कावळ्यानं टाकलेली बी, बोअरच्या गळक्या पाइपाजवळ पडलेली, विलायती बाभळीच्या काट्यांनी शेळ्यांपासून राखलेली. पाइप थेंब थेंब गळतो, म्हणजे ठिबक. खाली पाला कुजतो, कारण तिथे झाडायला कुणी जात नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी त्याची सावली पडू लागते तेव्हा समितीचं लक्ष जातं. काटे साफ होतात, बुंध्याला गेरू-चुना लागतो आणि पुढ्यात ग्रॅनाइटची पाटी बसते: 'वृक्षारोपण यांचे शुभहस्ते'. खाली कुणाचं नाव कोरायचं यावरून माजी अध्यक्ष आणि विद्यमान अध्यक्ष यांच्यात जुंपते, सचिव दोघांची नावं एकाच ओळीत बसवायचा तोडगा काढतात आणि त्याच बैठकीत, कुणाचीही हरकत नसताना, गळका पाइप दुरुस्त करून घेण्याचा ठराव मंजूर होतो.